बहुत्वाचे निराळेपण

१९२९ साली पॉल डिरॅक या इंग्रज भौतिकीविदाने आपल्या एका निबंधाच्या आरंभी असे प्रतिपादन केले की, भौतिकीच्या फार मोठ्या भागाला आणि संपूर्ण रसायनशास्त्राला आवश्यक असलेले मूलभूत नियम आता पूर्णपणे ज्ञात झाले आहेत. अडचण उरली आहे ती एवढीच की, हे नियम लावू जाता उभी राहणारी समीकरणे सुटण्यापलीकडची गुंतागुंतीची असतात. पुंजयामिकीचा जन्म होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे लोटली होती आणि स्वतः डिरॅक तिच्या शिल्पकारांपैकी एक होते. त्यामुळे या विधानातील आत्मविश्वास समजण्याजोगा आहे. परंतु त्यातील ‘एवढीच’ या शब्दात विसाव्या शतकातील एका मोठ्या वैचारिक वादाचे बीज दडलेले होते. मूलभूत नियम कळले म्हणजे जग कळले काय? घटकांचे शास्त्र पूर्ण झाल्यावर समुदायाचे शास्त्र हे केवळ आकडेमोडीचे काम उरते, की समुदायाचे म्हणून काही स्वतंत्र शास्त्र असते? हा प्रश्न वरवर पाहता तत्त्वज्ञांच्या चर्चेचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा निर्णय, जेवढा झाला तेवढा, धातूंच्या तुकड्यांवर आणि स्फटिकांवर झाला. आणि त्याच्याशी विज्ञानातील प्रतिष्ठेचे, पैशाचे व ज्ञानशाखांच्या उच्चनीचतेचे प्रश्नही निगडित होते.

प्रश्न मात्र जुना आहे. भारतीय दर्शनपरंपरेत तो चार्वाकांच्या निमित्ताने उपस्थित झालेला दिसतो. पृथ्वी, आप, तेज, वायू ही भूते अचेतन असता त्यांच्या संयोगातून चैतन्य कसे संभवते, या आक्षेपाला लोकायतिकांनी दिलेली दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. एक किण्वाचे : ज्या द्रव्यांपासून मद्य बनते त्यांपैकी एकातही मादकता नसते, ती त्यांच्या परिणत मिश्रणात प्रकट होते. दुसरे विड्याचे : पान, सुपारी आणि चुना यांपैकी एकही तांबडे नसते, विडा मात्र रंगतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात या भूतचैतन्यवादाचे खंडन केले. त्या वादाचा विषय चैतन्य हा असल्याने भौतिकीशी त्याची थेट सांगड घालणे योग्य होणार नाही. तथापि घटकात नसलेला गुण समुदायात येऊ शकतो काय, हा प्रश्न त्यात स्पष्टपणे विचारला गेला होता, एवढे खरे.

युरोपात हा विचार एकोणिसाव्या शतकात निराळ्या वाटेने आला. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात यांत्रिक आणि रासायनिक अशा दोन प्रकारच्या कारणसंयोगांत भेद केला. दोन बलांची बेरीज करता येते. पण पाण्याचे गुण म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या गुणांची बेरीज नव्हे. १८७५ साली जॉर्ज हेन्री ल्यूइस यांनी (कादंबरीकार जॉर्ज एलियट यांचे सहचर म्हणून ते साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत) अशा बेरजेपलीकडच्या परिणामांना ‘इमर्जंट’ ही संज्ञा दिली. मराठीत तिला ‘उद्भूत’ म्हणता येईल आणि त्या घटनेला ‘उद्भव’. पुढे सॅम्युएल अलेक्झांडर, लॉइड मॉर्गन आणि चार्ली डनबार ब्रॉड यांनी या कल्पनेवर एक संपूर्ण तत्त्वज्ञान उभे केले. ब्रॉड यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, गणितात सर्वज्ञ असा एखादा देवदूत जरी कल्पिला, तरी अमोनियाच्या रेणूची रचना त्याला सांगता येईल, पण त्या वायूचा वास कसा असेल हे त्याला आधी सांगता येणार नाही.

या मताचा ऱ्हास ज्या घाईने झाला तो बोधप्रद आहे. ब्रॉड यांच्या दृष्टीने रासायनिक संयोगाचे गुणही घटकांवरून निष्पन्न करता येण्याजोगे नव्हते. परंतु अवघ्या दोन वर्षांत, १९२७ साली, वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना का धरून राहतात याचे पुंजयामिकीच्या आधारे स्पष्टीकरण दिले. रासायनिक बंधाचे गूढ उकलू लागले आणि त्याबरोबर उद्भववादाचा पायाही डळमळला. ज्या मताने स्पष्टीकरणाच्या अभावावर आपले घर बांधले होते, त्याला स्पष्टीकरण येताच घर सोडावे लागले. डिरॅक यांचे १९२९ चे विधान या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

परंतु ते विधान लिहिले जात असतानाच हॉलंडमधील लायडन येथील एका शोधाचे कोडे अठरा वर्षे अनुत्तरित पडले होते. हाइके कामरलिंग ऑनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी हीलियम वायूचे प्रथमच द्रवीकरण केले, आणि त्या द्रवाच्या साहाय्याने अतिनीच तापमानात धातूंच्या विद्युत् रोधाचे काय होते हे ते तपासू लागले. ८ एप्रिल १९११ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की, पाऱ्याचा रोध सुमारे ४.२ केल्विन तापमानाला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, एकाएकी नाहीसा होतो. तो हळूहळू क्षीण झाला असता तर कोणाला नवल वाटले नसते. तो अकस्मात नाहीसा झाला. अशा अवस्थेतील धातूच्या कड्यात एकदा सुरू केलेला प्रवाह कोणत्याही बाह्य प्रेरणेविना वाहत राहतो. या गुणाला अतिसंवाहकता हे नाव मिळाले.

त्याचे स्पष्टीकरण देण्यास छेचाळीस वर्षे लागली. हा काळ भौतिकीच्या दारिद्र्याचा नव्हता, तर तिच्या वैभवाचा होता. पुंजयामिकी याच काळात जन्मली, अणुकेंद्र याच काळात उकलले. ज्यांनी या कोड्याला हात घातला आणि ज्यांना ते सुटले नाही, त्यांत आइन्स्टाइन, बोर, हायझेनबर्ग आणि फाइनमन यांची नावे आहेत. फेलिक्स ब्लॉख यांनी तर उद्वेगाने आणि विनोदाने असा सिद्धांतच सांगितला की, अतिसंवाहकतेची कोणतीही उपपत्ती खोटी ठरवता येते. १९३३ साली बर्लिनमध्ये वाल्टर माइसनर आणि रॉबर्ट ऑक्सनफेल्ड यांनी दाखवून दिले की, अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. म्हणजे ही केवळ रोधरहित संवाहकता नव्हती. पाणी गोठून बर्फ व्हावे तशी ती द्रव्याची एक निराळी अवस्था होती. १९३५ साली फ्रिट्झ लंडन यांनी आपले बंधू हाइन्झ यांच्यासह या अवस्थेची समीकरणे मांडली. रासायनिक बंधाचे गूढ उकलून जुन्या उद्भववादाला धक्का देणारे ते हेच लंडन. हाताने उचलता येण्याजोग्या आकाराच्या वस्तूतही पुंजयामिकीचा नियम अखंडपणे प्रकट होऊ शकतो, ही दृष्टी त्यांची होती.

अखेर १९५७ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जॉन बार्डीन, लीऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी समाधानकारक उपपत्ती दिली. तिचा गाभा असा. इलेक्ट्रॉन ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. परंतु स्फटिकाच्या जालकातून जाणारा इलेक्ट्रॉन भोवतालच्या धनभारित आयनांना किंचित आपल्याकडे ओढतो. ते जागेवर परतण्यापूर्वी तेथे धनभाराची जी क्षणिक दाटी होते तिच्याकडे दुसरा इलेक्ट्रॉन आकृष्ट होतो. अशा रीतीने परस्परांचे वैरी असलेले दोन कण अप्रत्यक्षपणे जोडले जातात. मात्र या जोडीची कल्पना दोन मण्यांच्या जोडीसारखी करणे चुकीचे ठरेल. जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांमधील अंतर अणूंमधील अंतराच्या शेकडो-हजारो पट असू शकते, आणि तेवढ्या जागेत अशा असंख्य जोड्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या सर्व मिळून एकाच सुसंगत अवस्थेत असतात. म्हणून एखाद्या कणाला वेगळे काढून अडविणे शक्य होत नाही. रोध नाहीसा होतो तो या एकत्वामुळे. एका इलेक्ट्रॉनाला अतिसंवाहक म्हणणे निरर्थक आहे; हा गुण समुदायाचाच असतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या उपपत्तीत पुंजयामिकीच्या नियमांचा कोठेही भंग झालेला नाही, कोणतेही नवे मूलभूत बल आलेले नाही. म्हणजे डिरॅक यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. आणि तरीही ते अपुरे ठरले. कारण केवळ समीकरणांपासून निघून कोणीही अतिसंवाहकतेपर्यंत पोहोचले नव्हते. ती आधी प्रयोगशाळेत आढळली, मग काय शोधायचे ते कळले, आणि त्यानंतर नियमांपर्यंत जाणारी वाट सापडली. वरून खाली उतरता येते, पण खालून वर चढण्याची वाट खालून दिसत नाही. या विषमतेला सिद्धांताचे रूप देण्याचे काम फिलिप वॉरेन अँडरसन यांनी केले.

अँडरसन यांचा जन्म १९२३ सालचा. १९४९ पासून ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये संशोधन करीत होते. त्यांचा विषय घन अवस्था भौतिकी हा होता, आणि त्या काळच्या विद्वत्समाजात या विषयाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. वोल्फगांग पाउली यांनी त्याची संभावना घाणीची भौतिकी म्हणून केली होती. मूलकण भौतिकीतील अग्रणी मरी गेल-मान यांनी इंग्रजी शब्दावर कोटी करून त्याला ओंगळ अवस्थेची भौतिकी म्हटले. या थट्टेमागे एक गृहीत होते : मूलकणांचा शोध घेणारे ते मूलभूत शास्त्र, बाकी सारे उपयोजन. १९६७ च्या सुमारास अँडरसन आणि फोल्कर हाइने यांनी केंब्रिजमधील आपल्या संशोधक गटाच्या नावातील ‘घन अवस्था’ काढून ‘संघनित द्रव्य’ असा शब्द योजला. या नामांतरात घनाबरोबर द्रवाचाही समावेश करण्याची सोय होती. पण त्याबरोबरच हे बहुकणांच्या समुदायाचे स्वतंत्र शास्त्र आहे, असा दावाही होता.

हा दावा उघडपणे मांडणारा त्यांचा निबंध ‘सायन्स’ या साप्ताहिकाच्या ४ ऑगस्ट १९७२ च्या अंकात प्रसिद्ध झाला. ‘मोअर इज डिफरंट’ हे त्याचे शीर्षक. जे बहुत असते ते निराळे असते, असा त्याचा भावार्थ. अवघ्या चार पानांच्या या निबंधात अँडरसन यांनी न्यूनीकरणवाद नाकारला नाही. सर्व द्रव्य त्याच मूलभूत नियमांना बांधलेले आहे, हे त्यांना मान्यच होते. नाकारले ते एवढेच की, सर्व काही साध्या नियमांपर्यंत नेता येते म्हणून त्या नियमांपासून आरंभ करून विश्वाची रचनाही करता येते. विश्लेषणाची शक्यता म्हणजे पुनर्रचनेची शक्यता नव्हे. गुंतागुंतीच्या प्रत्येक नव्या पायरीवर नवे गुण दिसतात, त्यांच्यासाठी नव्या संकल्पना लागतात, आणि त्या शोधण्यास लागणारी प्रतिभा मूलकणांच्या शोधास लागणाऱ्या प्रतिभेहून कमी दर्जाची नसते.

या मताला त्यांनी दिलेला भौतिकी आधार म्हणजे सममितिभंगाची कल्पना. योगायोगाने त्यांचेही उदाहरण अमोनियाचे आहे. अमोनियाच्या रेणूत तीन हायड्रोजन अणूंच्या पायावर नायट्रोजनचा एक अणू शिखरासारखा असतो. पण हे शिखर स्थिर नसते. ते पायाच्या आरपार जाऊन दुसऱ्या बाजूला येते आणि पुन्हा परतते, आणि हे एका सेकंदात अब्जावधी वेळा घडते. निसर्गाचे संबंधित नियम दोन बाजूंत भेद करीत नाहीत, आणि हा लहानसा रेणूही तो करीत नाही. अधिक जड रेणू घेतला की ही उलटापालट मंद होते. साखरेसारखा मोठा रेणू घेतला तर ती व्यवहारतः थांबते; सजीवांत बनणारी साखर एकाच बाजूची असते आणि तशीच राहते. नियम बदलले नाहीत, पण आकार वाढता वाढता नियमांतील सममिती वस्तूतून लोपली. स्फटिकाचेही तसेच आहे. समीकरणांना अवकाशातील सर्व बिंदू सारखेच. स्फटिक मात्र विशिष्ट बिंदूंवरच आपले अणू मांडतो, आणि त्यामुळेच त्याला कठीणपणा येतो. काठीचे एक टोक ढकलले की दुसरे टोक हलते, या रोजच्या अनुभवामागे अब्जावधी अणूंनी केलेला हा सममितिभंग आहे. जुन्या उद्भववादाशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. ब्रॉड यांचा उद्भव स्पष्टीकरण संपते तेथे सुरू होत होता. अँडरसन यांचा उद्भव स्पष्टीकरण मिळाल्यानंतरही टिकून राहतो.

या भूमिकेला पुढे अनपेक्षित पुष्टी मिळाली. १९८० च्या फेब्रुवारीत ग्रनोबल येथे क्लाउस फोन क्लिट्झिंग यांना प्रबल चुंबकीय क्षेत्रात आणि अतिनीच तापमानात इलेक्ट्रॉनांच्या पातळ थरातील हॉल-रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलताना आढळला. या पायऱ्यांचे मूल्य सुमारे २५,८१२.८ ओहम भागिले पूर्णांक असे निघाले, आणि ते नमुन्याचा आकार, त्यातील भेसळ किंवा दोष यांवर अवलंबून नव्हते. ज्या ‘घाणी’ची थट्टा झाली होती, तिच्यातूनच निसर्गातील दोन मूलभूत स्थिरांकांचे गुणोत्तर विलक्षण अचूकतेने हाती आले. १९८२ साली डॅनिएल त्सुई, होर्स्ट श्टर्मर आणि आर्थर गोसार्ड यांना अपूर्णांकी पायरी आढळली, आणि पुढल्याच वर्षी रॉबर्ट लाफलिन यांनी तिची उपपत्ती देताना दाखविले की, या समुदायातील क्षोभ इलेक्ट्रॉनाच्या एकतृतीयांश भाराच्या कणांसारखे वागतात. इलेक्ट्रॉन कोठेही फुटलेला नसतो. तरी समुदायात तृतीयांश भाराचा ‘कण’ वावरतो, आणि १९९७ साली प्रयोगांनी त्याचा प्रत्ययही दिला. या अपूर्णांकांच्या संपूर्ण मालिकेला सूत्रबद्ध करणारी संमिश्र कणांची कल्पना १९८९ साली राजस्थानात जन्मलेल्या जैनेंद्र जैन यांनी मांडली. मूळ घटक कोण हे ठरविण्याचा अधिकारही जणू पायरीपायरीने बदलतो.

हा वाद केवळ नियतकालिकांत राहिला नाही. अमेरिकेच्या टेक्सस राज्यात सुमारे ८७ किलोमीटर परिघाचा प्रचंड कणत्वरक उभारण्याची योजना १९८० च्या दशकात पुढे आली. तिचे खंदे पुरस्कर्ते होते स्टीव्हन वाइनबर्ग, आणि विरोधात साक्ष देणाऱ्यांत अँडरसन होते. वाइनबर्ग यांची भूमिका उथळ नव्हती. वरच्या पातळीवर नव्या संकल्पना लागतात, हे त्यांनी मान्य केले. त्यांचे म्हणणे असे की, ‘असे का?’ हा प्रश्न विचारत गेले असता सर्व शास्त्रांतील स्पष्टीकरणाचे बाण एकाच दिशेकडे वळतात. मूलकण भौतिकी त्या संगमाच्या सर्वांत निकट असल्याने तिला विशेष महत्त्व आहे. अँडरसन यांचे उत्तर असे की, एका दिशेला विशेष मान देऊन अन्य संशोधनाच्या तुलनेत असा अवाढव्य खर्च समर्थनीय ठरत नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ही योजना रद्द केली. तोवर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्ची पडले होते आणि २३ किलोमीटर बोगदा खोदून झाला होता. वाढता खर्च, अंदाजपत्रकातील तूट आणि शीतयुद्धाचा अंत ही या निर्णयाची मुख्य कारणे होती. त्याचे श्रेय वा दोष एका साक्षीला देणे अन्यायाचे होईल. परंतु हजारो संशोधकांचे भवितव्य पणाला लागलेले असताना ‘मूलभूत’ या विशेषणाचा अर्थ काय, याची चर्चा राजकीय समित्यांपुढे व्हावी, ही घटना विज्ञानाच्या इतिहासात विरळा म्हटली पाहिजे.

या वादात एक उपरोधही होता. मूलकणांना वस्तुमान कसे प्राप्त होते या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट खुद्द अतिसंवाहकतेतून निघाली होती. योइचिरो नांबू यांनी १९६० च्या सुमारास सममितिभंगाची कल्पना तेथून मूलकण भौतिकीत नेली, आणि १९६३ साली अँडरसन यांनी वस्तुमानाच्या यंत्रणेचा इशारा दिला. १९६४ साली पीटर हिग्ज आणि इतरांनी तिला सापेक्षतेशी सुसंगत रूप दिले, १९६७ साली वाइनबर्ग यांनी तिच्या आधारे आपली प्रसिद्ध उपपत्ती रचली, आणि ४ जुलै २०१२ रोजी जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेने तदनुरूप कण सापडल्याचे जाहीर केले. ज्या शास्त्राला उपयोजन मानले गेले, त्याने मूलभूत मानल्या गेलेल्या शास्त्राला त्याची एक मध्यवर्ती कल्पना पुरविली होती.

समुदायाचे शास्त्र अजून पुरे झालेले नाही, याची साक्ष तांब्याच्या ऑक्साइडांत मिळते. १९८६ साली योहानेस बेडनोर्झ आणि अलेक्स म्यूलर यांना या वर्गातील पदार्थांत पूर्वीच्या मर्यादेहून कितीतरी वरच्या तापमानाला अतिसंवाहकता आढळली. तिची नवी उपपत्ती अँडरसन यांनी १९८७ च्या जानेवारीत बंगळूर येथे भरलेल्या परिषदेत मांडली, आणि तिच्या विकासात गणपती बास्करन यांचा मोठा वाटा होता. तथापि या पदार्थांची सर्वमान्य उपपत्ती अद्याप सिद्ध झालेली नाही. घटक ज्ञात आहेत, त्यांचे नियम ज्ञात आहेत, समीकरण लिहिता येते. तरी उत्तर येत नाही. अँडरसन २०२० साली आणि वाइनबर्ग २०२१ साली निवर्तले, तेव्हाही हे कोडे तसेच होते.

साहित्याच्या अभ्यासकाने या इतिहासातून काय घ्यावे? अतिसंवाहकता आणि काव्य यांत साम्य शोधणे हा सवंग उद्योग होईल. पण विचाराच्या रीतीसंबंधी एक धडा येथे आहे. आपल्या काव्यशास्त्राला समुदायाच्या गुणाचे भान प्राचीन काळापासून आहे. नाट्यशास्त्रात भरताने रसनिष्पत्तीसाठी नाना व्यंजनांच्या संयोगातून येणाऱ्या स्वादाचा दृष्टान्त दिला, आणि अभिनवगुप्ताने पानकरसाचा. मिरी, साखर इत्यादींची चव वेगवेगळी ओळखू न येता एकच नवा आस्वाद मिळतो, हे त्याचे मर्म. मात्र साहित्याचे स्वातंत्र्य राखण्याच्या भरात अनेक समीक्षकांनी ब्रॉड यांची वाट धरलेली दिसते : काव्य हे अनिर्वचनीय, म्हणून ते भाषाशास्त्राला, समाजशास्त्राला वा मानसशास्त्राला अगम्य. असे संरक्षण फार काळ टिकत नाही. उद्या एखाद्या शास्त्राने काव्यातील एखादे रहस्य उलगडले की अनिर्वचनीयतेचा प्रांत तेवढाच आक्रसतो, आणि समीक्षक प्रत्येक शोधाकडे शत्रू म्हणून पाहू लागतो.

संघनित द्रव्याच्या इतिहासाने अधिक भक्कम भूमिका दाखविली आहे. स्पष्टीकरणाला भिण्याचे कारण नाही. अतिसंवाहकतेचे स्पष्टीकरण १९५७ साली झाले, म्हणून ती इलेक्ट्रॉनाचा गुण ठरली नाही. तिच्या अभ्यासाच्या संकल्पना तिच्याच पातळीवरच्या राहिल्या. त्याचप्रमाणे एखाद्या अभंगाच्या छंदाचे, शब्दकळेचे, त्यामागील समाजस्थितीचे कितीही विश्लेषण झाले, तरी अभंगाला अभंग म्हणून वाचण्याचे काम त्याने संपत नाही. ते काम करण्यास लागणारी साधने निराळी असतात. उलट, समुदायाचा गुण स्वतंत्र आहे असे म्हणून घटकांच्या नियमांकडे पाठ फिरविण्याची मोकळीकही हा इतिहास देत नाही. लायडनच्या प्रयोगशाळेपासून टेक्ससच्या अर्धवट बोगद्यापर्यंतच्या या वादात अखेर उरते ती ही दुहेरी शिस्त : खालच्या पायरीचा नियम मोडायचा नाही, आणि वरच्या पायरीचे ज्ञान त्या नियमातच आधीपासून हाती आले आहे असेही मानायचे नाही.